परदेशी तारा गल्लीत येतो तेव्हा

अमेरिकन रॅपर नाझ याच्या मास अपील या कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक इंडियाच्या जोडीने भारतात लेबल, म्हणजे कलाकारांची गाणी काढणारी कंपनी, काढलं. पहिला कलाकार म्हणून निवड झाली ती अंधेरीच्या जे. बी. नगरमधल्या विवियन फर्नांडिसची, म्हणजेच रॅपर डिव्हाइनची. तेव्हाच्या बातम्या वाचून वाटायचं की न्यूयॉर्कच्या एका मोठ्या माणसाने मुंबईच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचं नशीब उघडलं. ही मांडणी मला तेव्हाही खटकली होती, आजही खटकते. डिव्हाइनचं मुंबईवरचं पहिलं गाजलेलं गाणं २०१३ चं. कुर्ल्याच्या नेझीबरोबर केलेलं 'मेरे गली में' २०१५ चं. नाझचं नाव या मंडळींशी जोडलं गेलं तेव्हा गल्लीत कित्येक वर्षांचं काम उभं होतं आणि ते तोंडपाठ असलेली पोरं नाक्यानाक्यावर होती.

तरीही नाझच्या येण्याने काहीच बदललं नाही असंही नाही. बदललं, आणि बरंच बदललं. ते नेमकं काय, ते कोणत्या वाटेने होतं, त्यात पैसा कुठून कुठे जातो आणि गल्लीच्या हातात शेवटी काय राहतं, हे नीट कुणी समजावून सांगत नाही. 'फीचर', 'लेबल', 'मास्टर', 'रॉयल्टी' हे शब्द सगळे वापरतात. नुकतंच लिहायला लागलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना मात्र त्यांचा अर्थ बहुतेकदा करारावर सही झाल्यावर कळतो. म्हणून हा लेख.

आधी गल्लीत काय होतं

आपल्याकडे गाणं म्हटलं की सिनेमाचं गाणं. रेडिओवर तेच, लग्नात तेच, गणपतीच्या मांडवातही तेच. चित्रपटाबाहेर स्वतःचं गाणं करणाऱ्याला लोकांपर्यंत पोचायची वाट फार अरुंद होती. नव्वदच्या दशकात बाबा सेहगलने हिंदी रॅप घराघरांत नेला खरा, पण तो गमतीचा, नाचण्याचा प्रकार म्हणून. आपल्या वस्तीबद्दल, पोलिसांबद्दल, घरातल्या चणचणीबद्दल आपल्याच बोलीत बोलणारा रॅप त्यानंतरही बराच काळ ऐकू आला नाही.

तो तयार होत होता, पण दिसत नव्हता. ऑर्कुटच्या दिवसांत मुलं तिथल्या ग्रुपवर लेखी रॅपच्या लढती खेळायची. एकाने चार ओळी टाकायच्या, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी मत द्यायचं. धारावीत स्लमगॉड्स नावाचा गट वस्तीतल्या मुलांना फुकट ब्रेकडान्स शिकवायचा. आणि मग सायफर सुरू झाले. ज्यांनी सायफर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बागेत किंवा एखाद्या मैदानाच्या कडेला दहा-पंधरा पोरं गोल करून उभी राहतात. एकजण तोंडाने बीट धरतो, नाहीतर मोबाइलच्या स्पीकरवर बीट लावतात. मग एकेकजण पुढे येऊन आपले बार, म्हणजे रॅपच्या ओळी, टाकतो. कुणी अडखळला की गोल थंड पडतो, एखादी ओळ बसली की सगळे एकदम ओरडतात. तिथे तिकीट नसतं, आयोजक नसतो, रेकॉर्डिंगही नसतं. पण कुठली ओळ चालते आणि कुठली पडते याचं शिक्षण तिथे मिळतं, आणि ते फार कडक असतं. पाठ करून आणलेले बार आणि जागेवर सुचलेले बार यांतला फरक त्या गोलाला लगेच कळतो.

नेझीची गोष्ट या बाबतीत नमुनेदार आहे. नावेद शेख हे त्याचं खरं नाव. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर त्याने बीट जुळवली, त्याच आयपॅडवर आवाज रेकॉर्ड केला आणि त्याच आयपॅडने वस्तीत फिरून व्हिडिओ काढला. २०१४ च्या सुरुवातीला तो यूट्यूबवर टाकला. गाण्याचं नाव 'आफत'. स्टुडिओचं भाडं नाही, साउंड इंजिनिअर नाही, कॅमेरावाला नाही. त्याआधीच्या पिढीत गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. ते दार या पोराने ओलांडलं नाही, त्याला त्याची गरजच पडली नाही. या चळवळीतला सगळ्यांत मोठा बदल मला विचाराल तर हा आहे, नाझ नाही.

डिव्हाइनचा प्रवास वेगळा. शाळेतल्या मित्राच्या टी-शर्टवर त्याने ५० सेंट या अमेरिकन रॅपरचा फोटो पाहिला आणि तिथून तो या संगीताकडे वळला, असं त्याने मुलाखतींतून सांगितलं आहे. सुरुवातीला तो इंग्रजीत लिहायचा. मग तो बंबय्या हिंदीवर आला, आणि तिथे त्याला त्याचा आवाज सापडला. दिल्लीच्या सेझ ऑन द बीटने केलेल्या बीटवर नेझी आणि डिव्हाइन यांचं २०१५ चं गाणं सोनी म्युझिकने काढलं, तेव्हा ही मंडळी पहिल्यांदा मोठ्या कंपनीच्या यादीत आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि वायफाय नसलेल्या पोरालाही दिवसभर यूट्यूब पाहणं परवडू लागलं. ज्यांच्याबद्दल ही गाणी होती, त्यांच्याच खिशात ती आता वाजू लागली.

इथे 'रॅप म्हणजे आपला पोवाडाच' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पुरतं पटत नाही. या मुलांनी रॅप शिकला तो न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या सीडी ऐकून, शाहिरांकडून नाही. पण हेही खरं की अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या शाहिरीने गिरणगावच्या आणि वस्त्यांच्या कानाला एक सवय लावली होती: चौकात उभं राहून, तालावर, आपल्या भाकरीबद्दल मोठ्याने बोलायची. मुंबईने रॅप इतक्या चटकन आपला मानला त्यामागे ही सवय असावी, असं मला वाटतं.

तारा कोणत्या दाराने येतो

परदेशी कलाकार भारतात आधीही आले होते. २००८ च्या 'सिंग इज किंग'च्या शीर्षकगीतात स्नूप डॉग होता. त्याला आणलं एका मोठ्या हिंदी सिनेमाने, झगमगाटासाठी. त्याच काळात मुंबईच्या वस्त्यांत लिहिणाऱ्या पोरांचा त्याच्याशी काही संबंध आला नाही. पाहुणा आला, गाऊन गेला, गल्ली जिथल्या तिथे.

२०१९ मध्ये झोया अख्तरच्या 'गली बॉय'च्या वेळी घडलं ते निराळं. डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला हा सिनेमा फेब्रुवारीत बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, आणि नाझ त्याचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता. हे पद नेमकं काय असतं? सिनेमा बनवणारा माणूस तो नव्हे. तो आपलं नाव देतो, ओळखी देतो, कधी पैसाही देतो. नावाला किंमत असते, कारण बर्लिनच्या प्रेक्षकाला किंवा न्यूयॉर्कच्या पत्रकाराला कुर्ला ठाऊक नसतं, नाझ ठाऊक असतो. त्याच सिनेमाच्या निमित्ताने नाझ, डिव्हाइन, नेझी आणि रणवीर सिंग यांचं एक गाणंही आलं, न्यूयॉर्क आणि मुंबई यांना जोडणारं. पुढे सहा महिन्यांनी लेबल, आणि ऑक्टोबरमध्ये डिव्हाइनचा 'कोहिनूर' हा अल्बम.

नाझला यात रस का वाटला असेल? एक उत्तर भावनेचं आहे आणि ते खोटं नाही. नाझ वाढला न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या भल्यामोठ्या सरकारी घरकुल वसाहतीत, आणि त्याचा १९९४ चा पहिलाच अल्बम त्या वसाहतीच्या जिन्यांबद्दल, खिडक्यांबद्दल, तिथून गजाआड गेलेल्या मित्रांबद्दल आहे. हिप-हॉप जन्मलं तेच अशा ठिकाणी: ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीच्या सामायिक खोलीत डीजे कूल हर्कने पार्टी ठेवली, तो दिवस या संगीताचा वाढदिवस मानतात. कुर्ल्याच्या गल्लीतला व्हिडिओ पाहून त्या माणसाला आपलं काही ओळखीचं दिसलं असेल, तर त्यात नवल नाही.

दुसरं उत्तर धंद्याचं आहे, आणि तेही खोटं नाही. अमेरिकेत जवळजवळ सगळे ऐकणारे आधीच ऐकत आहेत. नवे श्रोते मिळायचे तर ते भारतासारख्या देशात, जिथे स्वस्त इंटरनेटवर कोट्यवधी तरुण आहेत आणि सिनेमाबाहेरचं संगीत आत्ता कुठे वर येतंय. स्पॉटिफाय हे गाणी ऐकायचं स्ट्रीमिंग अ‍ॅप भारतात आलं तेही फेब्रुवारी २०१९ मध्येच. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. फक्त भावनेचं कारण पाहून हुरळणारा कलाकार करार न वाचता सही करतो, आणि फक्त धंद्याचं कारण पाहणारा चांगली संधी शंकेपायी घालवतो.

आता 'फीचर'चं यंत्र कसं चालतं ते पाहू. परदेशी रॅपर तुमच्या गाण्यात सोळा बार म्हणतो. त्यासाठी तो बहुतेकदा रोख रक्कम घेतो, शिवाय स्वतःचे शब्द लिहिले म्हणून गाण्याच्या लेखनात वाटा घेतो. बदल्यात मिळतं काय? स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ते गाणं त्याच्याही पानावर दिसू लागतं. त्याचं नाव शोधणाऱ्या टोरांटोच्या किंवा अटलांटाच्या मुलाला तुमचं गाणं समोर येतं, आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं की अल्गोरिदम ते त्याच्यासारख्या आणखी काहींपुढे ठेवतो. शेवटपर्यंत ऐकलं नाही, तर गाडी तिथेच थांबते. तारा दाराशी आणून सोडतो, पुढे तुमची ओळच चालावी लागते. सायफरमधला तो गोल इथे पुन्हा भेटतो, फक्त तो ओरडत नाही.

लेबलने उघडलेलं दार फीचरपेक्षा रुंद असतं, कारण त्यातून एका गाण्यापुरती नाही, तर सतत ये-जा होते. याचं एक ठळक उदाहरण हिट-बॉय हा अमेरिकन प्रोड्यूसर. नाझच्या २०२० च्या ज्या अल्बमने ग्रॅमी जिंकलं, तो त्याने हिट-बॉयबरोबर केला होता. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, डिव्हाइनच्या 'गुनेहगार' या अल्बममध्ये हिट-बॉयची बीट आहे आणि आर्मानी व्हाइट हा फिलाडेल्फियाचा रॅपर पाहुणा आहे. या लोकांना मुंबईत बसून ईमेल पाठवून गाठता आलं असतं का? कुणास ठाऊक. एकाच घराण्यात असल्यावर मात्र फोन उचलला जातो.

आणि एक तिसरी वाट आहे, जिथे तारा दार न वाजवताच आत येतो. ती समजून घ्यायला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला जाऊ. तिथल्या वस्त्यांत पोरांनी घरच्या कॉम्प्युटरवर एक जड, ठोकेबाज नृत्यसंगीत तयार केलं. त्याला ग्कोम म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि प्रवासी टॅक्सींच्या स्पीकरवरून ते पसरलं. त्यातला एक मोठा निर्माता डीजे लॅग. २०१९ मध्येच त्याने आरोप केला की अमेरिकन कलाकार विल.आय.अ‍ॅम याने सहभाग घेतलेल्या एका गाण्यात त्याचं 'आइस ड्रॉप' हे संगीत परवानगीशिवाय उचललं आहे. विल.आय.अ‍ॅमने जाहीर माफी मागितली. आणि त्याच वर्षी बियॉन्सेच्या अल्बममधल्या एका गाण्यात डीजे लॅगचं नाव मानाने श्रेयनामावलीत होतं. एकाच वर्षात, एकाच माणसाच्या बाबतीत, दोन्ही गोष्टी. एकीकडे ओळख मिळाली, दुसरीकडे ओळख न देता माल गेला. डर्बनच्या पोराकडे स्वतःच्या गाण्याची तारीख, नाव आणि मूळ फाइल होती, आणि त्याचे चाहते समाजमाध्यमांवर गप्प बसले नाहीत. म्हणून माफी तरी मिळाली.

कागदावर काय असतं

हा भाग जरा किचकट आहे, पण सगळं इथेच ठरतं, म्हणून थांबून वाचा.

प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, म्हणजे जे कागदावर लिहिता येतं ते. दुसरी म्हणजे त्या दिवशी, त्या माइकसमोर झालेलं रेकॉर्डिंग. धंद्यात पहिल्याला पब्लिशिंग म्हणतात आणि दुसऱ्याला मास्टर. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात. स्ट्रीमिंगवरून जो पैसा येतो त्यातला मोठा हिस्सा मास्टरच्या मालकाला जातो, लहान हिस्सा शब्द आणि चालीच्या मालकांना. आपल्याकडे कंपनीशी करार करताना मास्टर बहुतेकदा कंपनीचा होतो.

रॅपरच्या बाजूने एक गोष्ट जमेची आहे, आणि ती फार थोड्या पोरांना माहीत असते. कायद्याच्या नजरेत रॅपर म्हणजे एकात दोन माणसं: तो गातो आणि शब्दही तोच लिहितो. २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी या प्रश्नासाठी बरीच वर्षं रान उठवलं होतं. त्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा, म्हणजे गाणं वापरलं गेल्यावर मिळणाऱ्या वाट्याचा, हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कॉपीराइट कंपनीला विकला तरी शब्दांच्या वापरावरच्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा उरतोच. करारात 'मी सगळ्या रॉयल्टीवर पाणी सोडतो' असं लिहून घेतलं असेल, तर ते कलम कायद्यापुढे टिकत नाही.

पण हक्क असणं आणि पैसा हातात पडणं यांत अंतर आहे. हा पैसा गोळा करून वाटण्याचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. १९६९ ची संस्था आहे, आयपीआरएस म्हणून ओळखली जाते, आणि परदेशातल्या अशाच संस्थांशी तिचे करार आहेत. म्हणजे लंडनच्या क्लबमध्ये तुमचं गाणं वाजलं तर तिथली संस्था पैसा घेते आणि तो इकडे येऊ शकतो. अट एकच: तुम्ही सदस्य हवं आणि गाणं तुमच्या नावावर नोंदलेलं हवं. नोंद नसेल तर परदेशी ताऱ्याने स्टेडियममध्ये तुमची ओळ म्हटली तरी त्यातला एक रुपयाही तुमच्यापर्यंत पोचायला वाट नाही.

आता अ‍ॅडव्हान्स. कंपनीने दहा लाख रुपये दिले ही बातमी वस्तीत वणव्यासारखी पसरते, आणि पसरायलाच हवी, कारण त्या पैशातून घराचं भाडं भरलं जातं, बहिणीची फी भरली जाते. पण अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, पुढच्या कमाईतून वळती होणारी उचल आहे. समजा करारात कलाकाराचा वाटा २० टक्के आहे. गाण्याने पहिले १० लाख कमावले की कलाकाराच्या खात्यात २ लाख जमा होतात, पण ते त्याला मिळत नाहीत, उचलीतून वजा होतात. १० लाखांची उचल फिटायला गाण्याने ५० लाख कमवावे लागतात. तोवर त्याच्या हातात नवा रुपया नाही. त्यात १० लाखांचा व्हिडिओही त्याच्याच खात्यावर टाकला असेल, आणि तसं पुष्कळदा होतं, तर आकडा एक कोटीवर जातो. ही लबाडी नाही. जगभर हा धंदा असाच चालतो, आणि दहापैकी नऊ गाणी चालली नाहीत तर कंपनीचे पैसे बुडतात, हेही खरं. पण टक्केवारी आणि 'खर्च कुणाच्या खात्यावर' ही दोन कलमं न वाचता घेतलेला चेक पुढची पाच वर्षं गळ्यात पडतो.

करारात आणखी एक वाक्य शोधा. बहुतेक मसुदे इंग्रजीत असतात आणि त्यात हक्क 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' दिले असं लिहिलेलं असतं. होय, विश्वात. पृथ्वीबाहेरही. वाचताना ते वाक्य डोळ्यांखालून सहज निसटतं, कारण ते भारदस्त वाटतं आणि वकिली वाटतं. पण आपला कायदा काय म्हणतो ते पाहा: करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते दिले असं मानलं जातं. कंपनीने हक्क घेऊन वर्षभर ते वापरलेच नाहीत, तर ते परत येतात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. म्हणजे कायदा गप्प बसलेल्या कलाकाराच्या बाजूने आहे. त्या 'कायमस्वरूपी' आणि 'विश्वात'वर सही केली की ते संरक्षण त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलेलं असतं. परदेशी लेबलच्या बाबतीत प्रदेशाचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं, कारण परदेशातली कमाई हाच तर त्या हातमिळवणीचा मुद्दा असतो.

फुकट बीटबद्दलही दोन शब्द. यूट्यूबवर हजारो बीट 'फ्री' म्हणून पडलेल्या असतात. त्या बहुतेक फक्त पैसे न कमावणाऱ्या वापरासाठी फुकट असतात. गाणं गाजलं, कंपनी आली, की पहिला प्रश्न येतो बीट कुणाची. त्या दिवशी ती बीट विकत घ्यायला गेलात तर भाव तुमच्या यशाप्रमाणे सांगितला जातो. आधीच बीटवाल्याशी साध्या मेसेजवर का होईना, वाटा ठरवून ठेवणं केव्हाही स्वस्त पडतं. मुंबईचा रॅप उभा राहिला त्यात सेझसारख्या बीट करणाऱ्यांचा हात रॅपरइतकाच होता, आणि त्यांची नावं लोकांना कमी माहीत आहेत याचं मला वाईट वाटतं.

कुणाकडे नजर जाते

जुलै २०२४ मध्ये हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्स' आलं. सूरज चेरुकाट हे त्याचं नाव, मूळचा केरळचा, बंगळुरूच्या रॅप मंडळींतून वर आलेला. बीट काल्मीची. पोन्नानीत उभारलेल्या मौत का कुआँमध्ये गाड्या भिंतीवरून फिरताहेत आणि तो मध्ये उभा राहून रॅप करतो, असा तो व्हिडिओ. गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ए-सॅप रॉकी या अमेरिकन रॅपरचं कडवं असलेला रीमिक्स आला तो ऑक्टोबरमध्ये, एका हॉलिवूडपटासाठी. क्रम लक्षात घ्या: आधी गाणं चढलं, मग तारा आला. एप्रिल २०२५ मध्ये हनुमानकाइंड कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात गायला. त्याच्या महिनाभर आधी आलेल्या 'रन इट अप'च्या व्हिडिओत चेंडा या केरळी ढोलाच्या तालावर तिथल्या कळरिपयट्टू या युद्धकलेबरोबर आपला मर्दानी खेळही आहे. महाराष्ट्राची युद्धकला इतक्या मोठ्या पडद्यावर पाहून माझा ऊर भरून आला, हे सांगायला मला संकोच नाही.

पण तो इंग्रजीत रॅप करतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. बिलबोर्डपर्यंतची वाट त्यामुळे सोपी झाली. बंबय्या हिंदीत लिहिणाऱ्याला तीच वाट कितीतरी लांब आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याला त्याहून. म्हणूनच २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवरून आलं, तेव्हा मला त्याचं फार अप्रूप वाटलं. ते रॅपपेक्षा नृत्यसंगीताच्या कुळातलं. तिथे ठोका पुढे असतो, त्यामुळे शब्द न कळणारा माणूसही नाचतो. मराठी शब्दांना परदेशी मजल्यावर जागा मिळायची ती बहुधा अशाच वाटेने, ठोक्याच्या आडून. त्यात मला कमीपणा दिसत नाही.

आणि जे या वाटांवर येतच नाही, त्याचं काय? मुंबईच्या स्वदेशी या गटाने २०१९ मध्ये आरेचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत वारली लोकांच्या जमिनीबद्दल गाणं केलं. त्याच वर्षी आरेतली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली जात होती. या गाण्याला न्यूयॉर्कहून फोन आल्याचं मी ऐकलं नाही. पुण्याच्या एमसी स्टॅनला देशभर चाहते मिळाले ते कुठल्या अमेरिकन रॅपरमुळे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला तेव्हा हिंदी टीव्हीचा अख्खा प्रेक्षक त्याला ओळखू लागला, पण त्याच्या आधीपासून पोरांच्या फोनवर तो होताच. परदेशी तारा पाहतो ते आकडे, चित्रं आणि त्याला समजणारी भाषा. आरेच्या झाडाबद्दलची ओळ त्याच्या नजरेत यायची तर आधी कुणीतरी ती त्याला समजावून सांगावी लागते. ते काम इथल्या पत्रकारांचं, भाषांतरकारांचं, आयोजकांचं आहे, आणि ते आपण अजून फारसं केलेलं नाही.

स्वतः तपासून पाहायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर आवडत्या कलाकाराचा एखादा अल्बम उघडा आणि अगदी तळाशी जा. तिथे बारीक अक्षरात एक वर्ष असतं आणि त्याआधी वर्तुळात इंग्रजी 'पी' हे अक्षर. त्या अक्षरापुढे ज्याचं नाव असतं, त्याच्याकडे बहुतेक त्या रेकॉर्डिंगचे हक्क असतात. जुन्या गाण्यांखाली बहुधा मोठ्या कंपनीचं नाव दिसेल. कुठे कलाकाराची स्वतःची कंपनी दिसेल, आणि मोठ्या कंपनीने फक्त वितरणाचं काम घेतल्याचा उल्लेख असेल. मग गाण्याची श्रेयनामावली उघडा आणि लेखकांत कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. बीट करणाऱ्याचं नाव तिथे आहे की नाही, हेही बघा.